इन्शुलिन कोणाला किती लागते?

एक छोटेसे गणित करा. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. सकाळी उपाशीपोटी तपासले, तर निरोगी माणसाच्या दर १०० मिलिलिटर रक्तात साधारण ९० मिलिग्रॅम ग्लुकोज सापडते. मग साऱ्या रक्तात मिळून साखर किती झाली? अवघी साडेचार ग्रॅम! चहाचा एक लहान चमचा भरेल एवढी.

आता दुसरे गणित. मावळ हा भाताचा मुलूख. तिथल्या घरात दुपारच्या ताटात २०० ग्रॅम शिजलेला भात सहज असतो. त्यात सुमारे ५५ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात आणि पचल्यावर त्यांचे जवळजवळ सगळ्यांचे ग्लुकोज होते. म्हणजे रक्तात जेवढी साखर आहे, तिच्या बारा पट साखर एका जेवणातल्या भातातून येते! ती सगळी रक्तातच साचली असती, तर रक्तशर्करा हजारावर गेली असती. प्रत्यक्षात निरोगी माणसाची रक्तशर्करा जेवणानंतरही सहसा १४० च्या पलीकडे जात नाही. मग ही साखर जाते कुठे?

ती स्नायूंत, यकृतात आणि चरबीच्या पेशींत जाते, आणि तिला तिकडे धाडणारे संप्रेरक म्हणजे इन्शुलिन. जठराच्या मागे आडव्या पसरलेल्या स्वादुपिंडात पेशींची लहान लहान बेटे असतात. पॉल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली ती प्रथम पाहिली. त्यांतल्या बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात. एका निरोगी प्रौढाच्या शरीरात दिवसाला साधारण ३० ते ५० युनिट इन्शुलिन तयार होते. वजनाने मोजाल तर ते एक-दीड मिलिग्रॅम भरते, मिठाच्या काही कणांएवढे!

हे इन्शुलिन करते काय? स्नायूंच्या पेशीत ग्लुकोज आत घेणारी दारे असतात. पण ती एरवी पेशीच्या पोटात गुंडाळून ठेवलेली असतात. इन्शुलिन बाहेरच्या पडद्यावर येऊन निरोप देते, तशी ही दारे पृष्ठभागावर येतात आणि साखर आत शिरते. यकृतालाही निरोप जातो, की बाहेरून साखर आली आहे, तू आता नवी सोडू नकोस. काही लोकांच्या पेशी हा निरोप नीट ऐकत नाहीत. मग स्वादुपिंडाला तोच निरोप दोनदा, तीनदा, मोठ्याने द्यावा लागतो. याला इन्शुलिन-रोध म्हणतात. ज्याचा रोध जास्त, त्याला तेवढ्याच भातासाठी जास्त इन्शुलिन लागते.

तेव्हा आपल्या मथळ्यातल्या प्रश्नाला एकच आकडा उत्तर म्हणून देता येत नाही. तुम्ही काय खाता, किती चालता, किती झोपता, एवढेच नव्हे तर तुम्ही आईच्या पोटात असताना आई काय खात होती, यावर ते अवलंबून असते. आणि ती आई अंगावर पाजते की नाही, यावर तिची स्वतःची गरज बदलते!

पुण्याजवळची सहा गावे

यातला पोटातल्या बाळाचा भाग जगाला ज्या संशोधनातून ठळकपणे कळला, ते आपल्या पुणे जिल्ह्यातच झाले. १९९३ साली पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. मावळ हा जिल्ह्याचा पश्चिमेकडचा, धो धो पावसाचा भाग. ही गावे मात्र कोरडवाहू मुलखातली. तिथल्या गरोदर स्त्रिया काय खातात, विहिरीवरून किती पाणी आणतात, शेतात किती राबतात, हे सारे नोंदले गेले. मग त्यांची बाळे जन्मली, तेव्हा ती मोजली. आणि हीच मुले पुढे मोठी होईपर्यंत पुनःपुन्हा तपासली.

या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन शहरात जन्मलेल्या बाळांशी केली. तिकडच्या बाळाचे सरासरी वजन ३.५ किलोग्रॅम, आपल्याकडच्या बाळाचे २.७ किलोग्रॅम. यात नवल नाही, असे तुम्ही म्हणाल. नवल पुढेच आहे. आपल्या बाळाचे पोट लहान होते, दंडावरचे स्नायू कमी होते. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळाइतकीच होती! दिसायला काटकुळे, पण अंगात चरबीचा वाटा अधिक. नाळेतले रक्त तपासले, तेव्हा वजनाने लहान असलेल्या या बाळांत इन्शुलिन अधिक आढळले. म्हणजे भात-भाकरीचा पहिला घास घेण्याआधीच त्यांची इन्शुलिनची गरज वाढलेली होती.

हीच गोष्ट मोठ्या माणसांत कशी दिसते, याचे एक गमतीदार उदाहरण २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्यात दोन शास्त्रज्ञ शेजारी शेजारी उभे आहेत : आपले डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांची उंची आणि वजन यांचे गुणोत्तर, म्हणजे ज्याला देहभार-निर्देशांक म्हणतात तो, अगदी सारखा, २२.३. तक्त्यात पाहिले तर दोघेही सडपातळ. पण क्ष-किरणांनी अंगातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! ‘मी काही जाडा नाही, मला कसला मधुमेह होतो,’ असे आपल्याकडे पुष्कळ जण म्हणतात. त्यांना हे छायाचित्र जरूर दाखवावे.

असे का होते, याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. पण काही धागे हाती आले आहेत. ज्या माता गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत होत्या, त्यांची बाळे अंगाने मोठी होती. ज्या फार कष्टाचे काम करीत होत्या, त्यांची लहान. दुसरा धागा ब-१२ या जीवनसत्त्वाचा. या गावांतल्या दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ते कमी आढळले. फोलिक आम्ल मात्र भरपूर होते. सहा वर्षांनी मुलांची तपासणी केली, तेव्हा ज्या मातांत ब-१२ सर्वांत कमी आणि फोलिक आम्ल सर्वांत जास्त, त्यांच्या मुलांत इन्शुलिन-रोध सर्वांत अधिक दिसला. याचा अर्थ कोणी असा काढू नये, की गरोदर स्त्रीने फोलिक आम्लाच्या गोळ्या घेऊ नयेत. त्यांच्यामुळे बाळाच्या पाठीच्या कण्यातले जन्मजात दोष टळतात. अर्थ एवढाच, की जोडीला ब-१२ हवे. ते वनस्पतींपासून मिळत नाही; दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. ज्या घरात दूध डेअरीला जाते आणि सुनेच्या वाट्याला कोरा चहा येतो, त्या घराने याचा विचार करायला हवा.

बाळंतीण आणि तिची साखर

गरोदरपणात आईची इन्शुलिनची गरज हळूहळू वाढत जाते. वार, म्हणजे ज्या अवयवातून बाळाला पोषण मिळते तो, अशी संप्रेरके सोडतो की आईच्या पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात. आईच्या रक्तात साखर जरा जास्त वेळ राहावी आणि ती बाळाला मिळावी, अशी ही सोय आहे. शेवटच्या तीन महिन्यांत गरज दुपटी-तिपटीवर जाते. निरोगी स्वादुपिंड तेवढे इन्शुलिन पुरवते. ज्याला ते जमत नाही त्या स्त्रीला गरोदरपणातला मधुमेह होतो.

बाळ जन्मले, वार पडली, की काही तासांतच ही गरज झपाट्याने उतरते. जी माता इन्शुलिनची इंजेक्शने घेत असते, तिची मात्रा त्याच दिवशी कमी करावी लागते. आणि ती बाळाला पाजू लागली, की गरज आणखी उतरते. का, ते पाहा. बाळ दिवसाला सुमारे ७५० मिलिलिटर दूध पिते. आईच्या दुधात दर १०० मिलिलिटरला सात ग्रॅम दुग्धशर्करा असते, गाईच्या दुधाहून बरीच जास्त. म्हणजे रोज सुमारे ५२ ग्रॅम. ही साखर बनते मुख्यतः आईच्या रक्तातल्या ग्लुकोजपासून. मघाशी आपण भाताच्या ताटातली साखर मोजली होती, ती आठवते ना? जवळजवळ तेवढीच साखर रोज दुधावाटे निघून जाते. आणि यातली खरी खुबी ही, की दूध तयार करणाऱ्या ग्रंथींची ग्लुकोज आत घेणारी दारे इन्शुलिनच्या निरोपासाठी थांबतच नाहीत. ती सदैव उघडी असतात. म्हणून पाजणाऱ्या आईच्या रक्तात साखर तेवढीच असूनही इन्शुलिन कमी सापडते. स्वादुपिंडाला विसावा मिळतो, असे म्हणा हवे तर.

हा विसावा पुढे कामी येतो का? अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये गरोदरपणी मधुमेह झालेल्या १,०३५ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी बाळाला पूर्णपणे अंगावर पाजले आणि बरेच महिने पाजले, त्यांच्यात पुढच्या दोन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण न पाजणाऱ्यांच्या निम्म्यावर होते. इथे तुमच्यातला चिकित्सक विद्यार्थी एक शंका काढील, आणि काढावीच. ज्या स्त्रिया पाजतात त्या मुळातच अधिक निरोगी असतील, तर? संशोधकांनी वजन, वय, आहार यांचा हिशेब करून पाहिला, तरी फरक उरला. पण चिठ्ठ्या टाकून निम्म्या मातांना ‘तुम्ही पाजू नका’ असे सांगता येत नाही. तेव्हा शंभर टक्के पुरावा या बाबतीत मिळणार नाही, हे मान्य करून चालावे लागते. काही मातांना इच्छा असूनही दूध पुरत नाही, हेही खरे. त्यात त्यांचा दोष नसतो.

आता बाळंतिणीच्या खाण्याकडे वळू. आपल्याकडे तिला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तूप-भात असे खायला घालतात. दूध बनवायला दिवसाला ५००-६०० उष्मांक अधिक लागतात, तेव्हा त्यात चूक काही नाही. पूर्वी मावळातली बाई दीड-दोन महिन्यांत भातलावणीला चिखलात उतरायची आणि दोन वर्षे पाजायची. तिचे लाडू जिरत. तीच परात तळेगावच्या सदनिकेत, तीन महिन्यांत पाजणे थांबवलेल्या आणि दिवसभर बसून असलेल्या आईपुढे ठेवली, तर त्यातले तूप-गूळ कुठे जाणार? आजीचे प्रेम तेच असते, हिशेब बदललेला असतो.

ताटातला क्रम

भात वाईट असे मी म्हणणार नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात निपजलेला इंद्रायणी ज्याने खाल्ला आहे, त्याला असे सांगून उपयोगही नाही! प्रश्न आहे तो किती आणि कशाबरोबर, हा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशभर केलेल्या पाहणीत असे दिसले, की आपल्या आहारातले सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात, आणि प्रथिने कमी पडतात. त्याच पाहणीच्या २०२३ मधल्या अहवालानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे.

स्टार्चचे दोन प्रकार असतात. एकाचे रेणू सरळ साखळीचे, त्याला अमायलोज म्हणतात. दुसऱ्याचे झाडासारखे फांद्या फुटलेले. फांद्यांचा प्रकार जास्त असेल तर भात चिकट होतो आणि पाचकरसांना तो भराभर तोडता येतो. साखर झपाट्याने चढते आणि इन्शुलिनही एकदम जास्त सुटते. मोकळा भात सावकाश पचतो. भाताआधी भाजी, उसळ, वरण खाल्ले तर चढ आणखी मंद होतो. नाचणीचे हल्ली फार कौतुक होते. ती भाकरीच्या रूपात खाल्ली तर तंतू आणि कॅल्शियम यांच्या दृष्टीने उत्तमच. पण तिच्यातही पिष्ट भरपूर आहे, आणि बारीक सत्त्व काढून पातळ पेज केली तर साखर चांगलीच वर जाते. गुळाचेही तसेच. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. रंग बदलला म्हणून स्वादुपिंड फसत नाही.

दार उघडणारी दुसरी किल्ली

स्नायूंची दारे इन्शुलिनच्या निरोपाने उघडतात, असे वर सांगितले. पण त्यांना उघडणारी आणखी एक किल्ली आहे, ती म्हणजे स्नायूंचे आकुंचन. तुम्ही मळवलीला उतरून, भाजे गावातून लोहगडाची वाट धरता. चढ लागला, की मांड्या आणि पोटऱ्या कामाला लागतात आणि त्यांच्या पेशींची दारे इन्शुलिनची वाट न पाहता पृष्ठभागावर येतात. गड उतरून घरी आलात, तरी पुढचा दिवसभर हे स्नायू इन्शुलिनचा निरोप चटकन ऐकतात. उलट, धडधाकट तरुणाला काही दिवस नुसते अंथरुणात पडून राहायला लावले, तरी त्याच्या पेशी बहिऱ्या होऊ लागतात. झोपेचेही असेच आहे. १९९९ साली अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, तर तेवढ्यातच त्यांची साखर हाताळण्याची शक्ती घटली. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रात्र रात्र जागणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. योगक्रिया करताना शरीरात नेमके काय घडते, हे क्ष-किरणांनी आणि दाब मोजून पाहण्याची त्यांची धडपड होती, आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक त्यांनी त्याच साली सुरू केले. मधुमेहावर योगासनांचा परिणाम काय होतो, यावर तिथे आणि इतरत्र बरेच काम झाले आहे. नेहमीच्या मधुमेहात, म्हणजे ज्याला दुसरा प्रकार म्हणतात त्यात, औषधांच्या जोडीला नियमित योगासने केली तर रक्तशर्करा काही प्रमाणात उतरते, असे दिसते. ‘जोडीला’ हा शब्द महत्त्वाचा. चेन्नईला मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ लोकांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. ज्यांना काही विशेष सांगितले नव्हते, त्यांच्यापैकी ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना रोज अर्धा तास चालायला आणि खाणे आवरायला लावले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के. फरक मोठाच आहे. पण ३९ टक्के म्हणजे शून्य नव्हे.

गरज कमी होणे आणि गरज संपणे

हे सारे वाचून कोणी म्हणेल, मग इन्शुलिनची इंजेक्शने हवीत कशाला? आहार सांभाळू, चालू, आसने करू. ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे फलक रस्तोरस्ती दिसतात, त्यांचाही हाच सूर असतो. इथे सावध व्हायला हवे.

मुलांत आढळणारा मधुमेह बहुधा पहिल्या प्रकारचा असतो. त्यात शरीराचीच संरक्षक यंत्रणा चुकून बीटा पेशींचा नाश करते. तिथे निरोप ऐकू न येण्याचा प्रश्न नसतो. निरोप देणाराच उरत नाही. अशा मुलांना इन्शुलिनशिवाय नुसत्या आहारावर ठेवून काय होते, हे जगाने पाहिले आहे. १९२२ पूर्वी डॉक्टरांपाशी दुसरा उपायच नव्हता. अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन यांची उपासमारीची पद्धत त्या वेळी सर्वोत्तम मानली जाई. मुलांना दिवसाला काही शेकडा उष्मांकांवर ठेवत. ती थोडी अधिक जगत, पण हाडांचे सापळे होऊन. टोरांटोच्या रुग्णालयातला लिओनार्ड थॉम्प्सन हा चौदा वर्षांचा मुलगा त्यांतलाच. वजन तीस किलोग्रॅमही नव्हते. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला बँटिंग आणि बेस्ट यांनी तयार केलेल्या अर्काचे इंजेक्शन दिले. अर्क अशुद्ध असल्याने फारसा गुण आला नाही. कॉलिप यांनी तो अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीला पुन्हा दिला, तेव्हा त्याची रक्तशर्करा उतरली. मरणाच्या दारातला हा मुलगा पुढे आणखी तेरा वर्षे जगला.

तेव्हा तुमच्या वर्गात पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर तिला ‘गोड सोड, इंजेक्शन सोड’ असला सल्ला देऊ नका. गोड खाल्ल्यामुळे तिला हा आजार झालेला नाही. तिला सहलीतून वगळूही नका. गड चढायचा असेल, तर त्या दिवशी स्नायूंची दारे आपसूक उघडणार, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने तिला इन्शुलिनची मात्रा कमी करावी लागते. पार बंद मात्र कधीच करायची नसते.

चढताना तिला एकाएकी घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले, तर साखर फार उतरली असे समजा आणि तिथेच बसवा. पिशवीत लोणावळ्याची चिक्की असेल, तरी ती आधी देऊ नका! शेंगदाण्यातले तेल साखर पोटातून रक्तात जायला उशीर लावते. आधी तीन लहान चमचे, म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून पाजा. पंधरा मिनिटे थांबा, बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढेच द्या. हुशारी आली, की मग चिक्की. तिचा सावकाशपणा आता उपयोगाचा. मात्र ती बेशुद्ध पडली, तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि तडक दवाखाना गाठा.

शिक्षकांसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. गडावर सगळे सुरळीत पार पडले, तरी रात्री स्नायू आपला रिकामा झालेला साठा भरत असतात आणि रक्तातली साखर ओढत राहतात. मुक्काम असेल तर अशा मुलीची साखर झोपण्यापूर्वी तपासून पाहावी आणि घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी सांगितले असेल, तर पहाटे दोन-तीनच्या सुमारास पुन्हा एकदा.